मुलींच्या वसतिगृहात सहायक रेक्टर म्हणून रुजू होतेय: रात्रीची ड्युटी, आजारपण, खचलेली मुलगी, कुठवर जायचं?

खानापूर_रोड

नमस्कार. बेळगावजवळच्या एका विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहात सोमवारपासून सहायक रेक्टर म्हणून रुजू व्हायचं आहे. राहायचं तिथंच, तळमजल्यावर. २१० मुली, ३ मजले, एक रेक्टर, दोन मावशी, गेटवर पाळीनं वॉचमन. निम्म्या मुली मराठी (खानापूर, निपाणी, चंदगड), बाकीच्या गोकाक, बैलहोंगल, अथणीकडच्या कन्नड, थोड्या उत्तरेकडच्या. नेमणूकपत्रात कामाचं वर्णन 'शिस्त व देखरेख' एवढंच आहे.

पहिल्या पंधरवड्यात काय उरकून घ्यावं? रात्री कोणी आजारी पडलं तर कशाला थांबायचं आणि कशाला थांबायचं नाही? एखादी मुलगी खचलेली दिसली तर मी कुठवर बोलावं? आणि रजिस्टरमध्ये नेमकं काय लिहायचं? या कामात मुरलेल्यांनी सांगावं.

दुसरं_रेल्वे_गेट

ताई, रुजू व्हायच्या दिवशीच तीन गोष्टी रेक्टरांकडून लिहून घ्या: रात्री दवाखान्यात न्यायचा निर्णय कोणाचा, गाडीचं भाडं कुठल्या पैशातून, घरी फोन कोणी करायचा. रात्री दोन वाजता परवानगीसाठी फोनाफोनी करण्यात जो अर्धा तास जातो, तो नंतर भरून येत नाही. छातीत दुखणं, श्वास लागणं, फिट, बेशुद्धी, थांबत नसलेला रक्तस्राव, पोटात काही विषारी गेल्याचा संशय, यात परवानगीची वाटच बघायची नाही. १०८ लावा, गाडी निघाली की मग रेक्टरांना कळवा.

पहिला आठवडा फोन नंबरांसाठी ठेवा. प्रवेश अर्जावरचा पालकांचा नंबर पुष्कळदा बंद असतो, नाहीतर ज्या दुकानात अर्ज भरला तिथला असतो. रोज ३० घरं धरली तर ७ दिवसांत २१० होतात. मुलींना आधी सांगून ठेवा, मग फोन करा. घरात कुठली भाषा चालते, बेळगावात जवळचं कोण आहे, मुलीला रोजचं औषध किंवा कशाची ॲलर्जी आहे का, एवढं विचारलं की पुरे. फिट्स, दमा, थायरॉइड अर्जात कोणी लिहीत नाही. आईला विचारलं की ती लगेच सांगते. ही माहिती तुमच्या कुलुपाच्या खणात राहू दे. वॉचमनच्या वहीत फक्त नाव, खोली, घरचा नंबर आणि भाषा. कुणाचा आजार गेटवर वाचला जाता कामा नये.

हजेरीचा कागद फिरवून सह्या घेऊ नका, मैत्रिणी एकमेकींच्या सह्या ठोकतात. साडेनऊला दारोदार जायचं. एक मजला तुम्ही, दोन मजले मावशी, आणि रोज मजले बदलायचे. म्हणजे तीन दिवसांत प्रत्येक मुलगी एकदा तरी तुमच्या समोर येते.

नव्या मुलींबद्दल: यूजीसीच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांत वॉर्डन कुठल्याही वेळी फोनवर सापडला पाहिजे असं स्पष्ट आहे, आणि रॅगिंगची तक्रार गुन्ह्यात मोडणारी असेल तर संस्थाप्रमुखानं २४ तासांत एफआयआर करायचा आहे. तुमचं काम कळवण्याचं. दोघींना समोरासमोर बसवून 'मिटवून टाका' असं करायला जाऊ नका. तक्रार करणारी तिथं मान डोलावते आणि नंतर खोली सोडून जाते. १८००-१८०-५५२२ हा रॅगिंगविरोधी हेल्पलाइनचा नंबर प्रत्येक मजल्यावर, न्हाणीघराच्या दाराशेजारी लावा. नोटीस बोर्डासमोर उभं राहून तो नंबर उतरवून घ्यायला भ्यालेली मुलगी धजत नाही.

समुपदेशन_विभाग

ताईंच्या तिसऱ्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो, कारण इथंच बहुतेक ठिकाणी चुकतं.

खचत चाललेली मुलगी आपणहून रेक्टरच्या खोलीत येत नाही. ती आधी मेसमध्ये दिसते. ताट वाढून घेते, कोपऱ्यातल्या बाकावर बसते, आमटी-भात कालवते, बोटं ताटातच फिरत राहतात, आणि दहा मिनिटांनी ते ताट जसंच्या तसं हात धुवायच्या जागेजवळच्या बादलीत रिकामं होतं. पुढे पुढे ती मेसला येणंच सोडते. म्हणून मेसमध्ये वाढणाऱ्या बाईंना सांगून ठेवा: लागोपाठ तीन जेवणांना जी दिसली नाही आणि घरीही गेली नाही, तिचं नाव त्याच दिवशी तुमच्यापर्यंत यायला हवं. याशिवाय दिवसा झोप आणि रात्रभर जाग, केसांकडे कपड्यांकडे दुर्लक्ष, आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, सगळ्यांची माफी मागत फिरणं. एकेक खूण सुटी घेतली तर काहीच सांगत नाही. ती मुलगी एरवी जशी असते त्यापेक्षा वेगळी वागू लागली का, हे बघायचं. आणि 'एरवी कशी' हे माहीत असायला रोजची ती दारोदार हजेरी लागते.

बोलायचं एकटीशी, बसून, दार लोटून घेऊन. सुरुवात दिसलेल्या गोष्टीपासून: 'चार दिवस तू जेवायला नाहीस. झोप लागते का?' मग गप्प राहायचं. तिला बोलायला पाच मिनिटं लागली तरी चालतील. तिच्या बोलण्यात 'कंटाळा आला सगळ्याचा', 'मी नसले तर बरं' असं काही आलं, तर सरळ विचारायचं: 'जीव द्यावा असं मनात येतं का?' असं विचारल्यानं तो विचार तिच्या डोक्यात शिरतो, ही भीती चुकीची आहे. उलट कोणीतरी नाव घेऊन विचारलं याचाच तिला आधार वाटतो.

उत्तर 'हो' आलं की तुम्ही एकटीनं सांभाळायचं नाही आणि तिला एकटं सोडायचं नाही. जवळ मोठं माणूस बसवायचं: तुम्ही, रेक्टर किंवा मावशी. रूममेटवर रात्रभर राखण टाकू नका, ती १९ वर्षांची पोर आहे. इजा होईल अशा वस्तू आणि साठवलेल्या गोळ्या तिला सांगूनच खोलीतून काढून घ्या. टेली-मानस (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६ चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं. फोन स्पीकरवर न टाकता तिच्या हातात द्या, आपण बाजूला बसा. कसं आणि कधी करायचं हे तिनं ठरवलेलं असेल, किंवा काही करून बसली असेल, तर फोनवर वेळ न घालवता थेट रुग्णालय. दाखल करताना पोलीस, गुन्हा या धाकानं माहिती लपवू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं. डॉक्टरांना खरं सांगितलं तर उपचार नीट होतात.

'मी कुणाला सांगणार नाही' हे वचन देऊ नका. 'तुझ्या जिवाला धोका असेल तर ज्यांना सांगणं भाग आहे त्यांनाच सांगेन, आणि सांगायच्या आधी तुला सांगेन' हे वचन पाळता येतं.

रुग्णालयातून ती परत येते तो आठवडा सगळ्यात नाजूक. त्याच आठवड्यात तिच्याकडून 'पुन्हा असं करणार नाही' असं हमीपत्र लिहून घेतात, खोली बदलतात, नाहीतर घरी धाडतात. कागदावर संस्था सुटते, पण मुलगी पुन्हा एकटी पडते. खोली तिला विचारूनच बदला. पहिले १५ दिवस रोज दोन मिनिटं भेटा, तेही सगळ्यांसमोर नको. रूममेटलाही समुपदेशकाकडे पाठवा.

सेमिस्टरचा निकाल रात्री वेबसाइटवर पडला तर त्या रात्री फेरी वाढवा. इयर बॅक लागलेल्या (वर्ष वाया गेलेल्या) मुली रडताना दिसतात, त्यांच्याजवळ माणसं असतात. मोबाइल उलटा ठेवून लवकर झोपलेल्या मुलीचं दार वाजवा.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा, आणि शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवं. कर्मचाऱ्यांत मावशी आणि वॉचमनही येतात. त्यांची नावं प्रशिक्षणाच्या यादीत आहेत का, ते बघून घ्या.

मेस_समिती

तापाबद्दल. पावसाळ्यात आणि त्यानंतर दिवाळीपर्यंत डेंग्यू धरून चालायचं. पॅरासिटामॉल ५०० ची एक गोळी, दोन गोळ्यांत किमान ६ तास. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन वसतिगृहाच्या पेटीत ठेवूच नका, डेंग्यूत त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. घोटाळा होतो तो ताप उतरल्यावर. मुलगी म्हणते बरं वाटतंय आणि कॉलेजला जाते. ताप उतरतानाचे २४ ते ४८ तासच जपायचे असतात. पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, गुंगी, हातपाय गार, यातलं एक जरी दिसलं तरी लगेच रुग्णालय. बादल्या आणि पिंपं आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासायची. नुसतं पाणी ओतून दिलं तर डासाची अंडी कडेला चिकटून राहतात.

ओआरएसचं १ लिटरचं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यातच टाकायचं. पेल्यात अंदाजानं पूड टाकली की मीठ जास्त होतं, उलटी वाढते. केलेलं पाणी २४ तासांनी ओतून द्या.

सकाळचं चित्रान्न (फोडणीचा भात) रात्रीच्या उरलेल्या भाताचं असेल तर स्वयंपाक्याला विचारा, भात रात्रभर कुठं होता. मोठ्या पातेल्यात झाकून ओट्यावर राहिलेला भात मधोमध पहाटेपर्यंत कोमट असतो. त्यात तयार होणारं विष सकाळच्या फोडणीनं मरत नाही. उरलेला भात पसरट ताटांत काढून गार करून लगेच फ्रीजमध्ये, नाहीतर चित्रान्नाला ताजाच भात लावा. एकाच सकाळी ४-५ जणींना उलट्या लागल्या की ते अन्न फेकू नका. वाटीभर झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

खानापूर_रोड

खूप उपयोग झाला. आणखी दोन शंका. घरी कळवायचं की नाही हे कसं ठरवायचं, मुली तर बहुतेक १८ च्या पुढच्या? आणि भाषेचं काय? १ नोव्हेंबर तोंडावर आहे.

नाका_कोगनोळी

घरी कळवण्याबद्दल आधी. सज्ञान मुलीला विचारायचं, 'घरी कुणाला सांगू?' ती मावशीचं नाव घेईल, थोरल्या बहिणीचं घेईल, तिथंच फोन करा. जिवाला धोका असेल तर मात्र कळवायचंच. पण त्रासच घरून असेल, म्हणजे मारहाण किंवा मनाविरुद्ध लग्न ठरवणं, तर घरी फोन लावायच्या आधी रेक्टर आणि महिला हेल्पलाइन १८१. पहिल्या वर्षाच्या काही मुली १७ च्याच असतात, म्हणून जन्मतारखांची यादी जवळ ठेवा. १८ पूर्ण नसलेल्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सोच्या (मुलांवरील लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथं 'आधी चौकशी करू' चालत नाही.

भाषेचं. खोल्या भाषेवार लावू नका. एकदा 'मराठी विंग' असं नाव पडलं की प्रत्येक नळाचं भांडण भाषेचं होतं. अभ्यासक्रमावरून लावा, एकीच्या परीक्षेच्या वेळा दुसरीला जुळतात. नोटीस कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्हीत, एकाच कागदावर आणि एकाच वेळी. मराठी प्रत दोन दिवस मागून आली की ती लावूनही न लावल्यासारखी. नाजूक बोलण्यात रूममेटला दुभाषी करू नका. 'काय करूलास' असं घरगुती मराठी बोलणारी पोर परक्या दुभाष्यासमोर गप्प बसते. गोकाककडच्या मुलीची आई फक्त कन्नड बोलत असेल तर मावशींपैकी कन्नड येणाऱ्या बाईंना आधीच हे काम समजावून ठेवा. पोलीस ठाण्यात जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो. मुलीला तो मराठीत वाचून दाखवल्याशिवाय सही करू देऊ नका.

१ नोव्हेंबरला शहरात कर्नाटक राज्योत्सवाची (राज्याच्या स्थापना दिनाची) मिरवणूक आणि सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधाचा मराठी संघटनांचा काळा दिवस, दोन्ही असतात. वसतिगृहाच्या आवारात कुठलाच झेंडा, कुठलीच घोषणा नको, आणि हा नियम आठवडाभर आधी सगळ्यांसमोर सांगा. आयत्या वेळी सांगितला तर तो एकाच बाजूसाठी काढलाय असं वाटतं. बाहेर कोणी जात असेल तर आउटपासात ठिकाण आणि परतायची वेळ नीट लिहून घ्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या दोन दिवसांत फक्त ॲडमिनचे संदेश. तुमचं स्वतःचं मत काहीही असो, डीपी आणि स्टेटस साधं ठेवा. मुली ते आधी बघतात.

तणाव वाढला की दोन्ही राज्यांच्या बसेस सीमेवर थांबतात, आणि कोल्हापूरकडे निघालेल्या मुली निपाणी-कोगनोळीपाशी अडकतात. चंदगड, गडहिंग्लज, कोल्हापूरकडच्या मुलींची यादी वेगळी ठेवा. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात विधिमंडळाचं अधिवेशन असतानाही हेच. शक्यतो त्या दिवशी सोडू नका. सोडावंच लागलं तर मिरजेकडची रेल्वे बघा, आणि घरी पोचल्याचा फोन आल्याशिवाय रजिस्टरातली नोंद बंद करू नका.

जुना_पीबी_रोड

वरचं सगळं बरोबर. एकच भर: गेटची वेळ उलटली म्हणून मुलीला बाहेर उभं करू नका, काहीही कारण असो. आधी आत घ्या, पाणी द्या, उशिराची नोंद करा, जाब सकाळी. तिला बाहेर ठेवलेल्या वेळात जे होईल त्याला नियमावली उत्तर देत नाही.

आता रजिस्टर. वेळ, काय दिसलं किंवा ऐकलं, काय केलं, कुणाला सांगितलं, एवढंच. 'डिप्रेशन', 'नाटक करते', 'प्रेमप्रकरण' असले शब्द नकोत. नमुना:

'रात्री ११:२०. खोली २१४. दार आतून बंद नव्हतं. विद्यार्थिनी पलंगावर बसून रडत होती. दोन दिवस जेवले नाही असं म्हणाली. ११:४५ पर्यंत सोबत बसले. दूध आणि केळ घेतलं. ११:५० ला रेक्टरांना फोन. मावशी रात्रभर खोलीत. सकाळी ९ ला समुपदेशकाकडे.'

उद्या कुणी हे चार ठिकाणी वाचलं तरी मुलीची मान खाली जाणार नाही, आणि तुम्ही काय केलं तेही दिसतं. नाजूक नोंदी वेगळ्या वहीत, कुलुपात. गेटच्या वहीत फक्त आत-बाहेर.

पैशांकडेही लक्ष ठेवा. मेसचं बिल थकलेली मुलगी आधी एक वेळचं जेवण बंद करते, आणि आपल्याला वाटतं आजारी आहे. कर्नाटकच्या मुलींचे शिष्यवृत्तीचे अर्ज एसएसपी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर. तिथं जात आणि उत्पन्नाच्या दाखल्यावर छापलेला आरडी नंबर (दाखल्याचा क्रमांक) लागतो, आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच पडतात. अडकतं ते इथंच: मुलगी पासबुक एका बँकेचं दाखवते, आधार मॅप झालेलं असतं दुसऱ्याच, शाळेत असताना उघडलेल्या खात्याला. पैसे तिकडे जाऊन पडतात आणि तिला पत्ता नसतो. जुनं पासबुक घरून मागवायला सांगा. चंदगडच्या मुलींचं सगळं महाराष्ट्राच्या पोर्टलवरून, त्यांना एसएसपीच्या रांगेत उभं करू नका.

आणि ड्युटीचा मोबाइल संस्थेकडून वेगळा मागून घ्या. तो नंबर पदाचा राहू दे. तुमच्या सुट्टीच्या दिवशी तो रेक्टरांकडे, चार्जरसकट, आणि देताना शेवटच्या तीन दिवसांच्या नोंदी तोंडी सांगून.