ओम्नीचा मागचा एक्सल तिसऱ्या लाँचला तुटला, आता काय घालू?

मिरज_ओम्नीवाला
राम राम मंडळी. माझी जुनी ओम्नी फक्त ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ ४०२ मीटरच्या शर्यतीसाठी ठेवलीय. रस्त्यावर काढत नाही, टेम्पोत टाकून नेतो. जिप्सीचं १३०० इंजिन बसवलंय. वर्षभर ४०२ मीटर मारली, एक्सलनं कधी कुरकुर केली नाही. दिवाळीनंतर दोन कामं केली. डिफरन्शिअलचे (मागच्या दोन चाकांना जोर वाटून देतं ते) स्टार गियर वेल्डिंग मारून लॉक केले आणि मागं मऊ कंपाउंडचे टायर घातले.

मागल्या रविवारी तिसऱ्या लाँचला, म्हणजे शर्यतीची सुरुवात मारताना, ४५०० आरपीएमवर क्लच सोडला. गाडी हातभर पुढं गेली, "टण्" झालं आणि एकदम डावीकडं ओढायला लागली. खोलून बघतो तर एक्सलमधला डावा शाफ्ट स्प्लाईनजवळ (टोकाला खाचा असतात तिथं) तुटलेला. एक मेकॅनिक म्हणतोय जिप्सीचा अख्खा एक्सल घाल, दुसरा म्हणतोय कुपवाडला ईएन८ स्टीलमध्ये नवा शाफ्ट बनवून घे. काय करू?

ऊसवाहतूक_पलूस
आमच्या ट्रॉलीचा एक्सल घाल भावा, हंगामभर तुटत नाही. गाडी मात्र हलणार नाही. 😀

कुपवाड_लेथवाला
ट्रॉलीच्या एक्सलला ओझ्याचा वाक बसतो, तुझ्या शाफ्टला पीळ बसतो. दोन्ही कामं वेगळी.

ओम्नीवाल्या, बाजारात जायच्या आधी हिशेब बघ. जिप्सीच्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, कागदावर १०३ न्यूटन-मीटर. पहिल्या गियरचा रेशो साडेतीन आणि डिफरन्शिअलचा पाच धरला तर मागं १८०० पोचतात. पण टायर जेवढं धरतो त्याच्यापेक्षा जास्त पीळ शाफ्टला बसतच नाही. लाँचला मागच्या चाकांवर पाचशे किलो धर, चाकाची त्रिज्या २७ सेंटीमीटर. साध्या टायरची पकड ०.९ धरली तर दोन्ही मिळून १२०० च्या आत टायर घसरतो. म्हणजे वर्षभर तुझा टायरच फ्यूज होता. मऊ टायरची पकड १.३ धर, आकडा १७०० वर गेला. घरच्या फ्यूजला जाड तांब्याची तार लावली की वायरिंग जळतं, तेच झालं.

आता डावाच का तुटला? प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाकडून मागं जोर आणणारा दांडा) फिरताना एक्सलच्या अख्ख्या हाउसिंगला पीळ देतो, त्यानं डावं चाक जमिनीत दाबलं जातं आणि उजवं हलकं होतं. डिफरन्शिअल उघडं होतं तेव्हा उजवं चाक फिरून जायचं आणि डाव्यालाही तेवढाच कमी टॉर्क मिळायचा. तू वेल्ड मारलंस. आता उजव्याला पकड नसली की उरलेलं सगळं डाव्याच्या बोकांडी. वर ४५०० ला क्लच सोडला की फ्लायव्हीलमध्ये साठलेला जोर एका झटक्यात येतो, तो या हिशेबात धरलेलाच नाही.

अमेरिकेत ड्रॅग शर्यती चालवणाऱ्या एनएचआरए संस्थेच्या नियमात लॉक डिफरन्शिअल असेल किंवा गाडी १०.९९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळ घेत असेल तर कंपनीचा शाफ्ट चालत नाही, बाहेरचा मजबूत लागतो. त्यांनी हे खूप शाफ्ट मोडून शिकलंय.

ईएन८ चं नाव काढू नकोस. धंद्यात नवा होतो तेव्हा एका जीपवाल्याला मी ईएन८ चा शाफ्ट करून दिला, हार्डनिंगचे पैसे वाचवले. महिन्यात परत आला, चरकातून काढलेल्या चिपाडासारखा पिळलेला. पैसे परत दिले, वर चहा पाजला. ड्रॅगला ईएन२४ घे, अमेरिकावाले त्यालाच ४३४० म्हणतात. हार्डनिंग-टेम्परिंग नीट करून.

आणि तुटलेलं तोंड कसं दिसतंय ते सांग. फोटो नको, डोळ्यानं बघून लिही.

मिरज_ओम्नीवाला
काका, तोंडाचा साधारण तिसरा हिस्सा काळपट आणि गुळगुळीत आहे, शिंपल्यावर असतात तशा बारीक रेघा. बाकीचा भाग ताजा, दाणेदार, चमकणारा.

कुपवाड_लेथवाला
मग तो रविवारी तुटलेला नाही, रविवारी फक्त सुटला. काळपट भाग म्हणजे जुनी चीर, दर लाँचला थोडी थोडी आत सरकत गेलेली. सुरुवात बहुतेक स्प्लाईन जिथं संपते तिथल्या कोपऱ्यात झाली असणार. नवीन करताना तिथं धारदार खांदा ठेवायचा नाही, गोल रेडियस द्यायचा आणि पॉलिश करायचं. टूलची एक रेघ राहिली तरी चीर तिथूनच चालू होते.

जाडीचं गणित घनात चालतं. २६ चा शाफ्ट ३० मिलिमीटरचा केला की पीळ सोसायची ताकद दीडपट. फोर्डचा ९ इंची एक्सल ड्रॅगवाले इतकी वर्षं का धरून बसलेत? १९५७ ला आला, आपल्या अँबेसिडरच्याच वर्षी. शाफ्ट २८ स्प्लाईनवरून ३१, ३५, ४० पर्यंत जाड करता येतो, आणि पिनियनच्या (क्राऊन या मोठ्या गियरला फिरवणारा छोटा गियर) दातांच्या पुढच्या टोकाला तिसरं बेअरिंग आहे, त्यामुळं पिनियन क्राऊनपासून लांब ढकलला जात नाही. तुझ्या ओम्नीत तशी चैन नाही. शाफ्ट मजबूत केलास की पुढचा नंबर क्राऊन-पिनियनचा, हे धरूनच चाल.

सातारा_जिप्सी
जिप्सीचा एक्सल ओम्नीखाली रुंद पडेल, आधी मोजून बघ. आणि लाँचला मागून धडधड येते का? पाटे पिळून परत सुटतात, चाक उड्या मारतं, प्रत्येक उडीला शाफ्टवर घण बसतो. ट्रॅक्शन बार लाव, तो दांडा पाटे पिळू देत नाही. माझी जिप्सी त्यानंच शांत झाली.

मिरज_ओम्नीवाला
धडधड येते. मला वाटलं टायर नवीन आहेत म्हणून.

कुपवाड_लेथवाला
बार पहिला लाव, शाफ्ट नंतर. साताऱ्याचं बरोबर आहे.

अजून एक. उजवा शाफ्ट परत बसवायच्या आधी रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेव. सकाळी कोरडा पुसून स्प्लाईनजवळ खडूची पूड चोळ आणि तासभर थांब. चीर असेल तर आतलं रॉकेल खडूत उतरतं.

मिरज_ओम्नीवाला
रॉकेल आता मिळतंय कुठं, आजीच्या जुन्या स्टोव्हच्या डब्यात सापडलं. काका, उजव्याला पण रेघ आली. अर्धा इंच, केसाएवढी.

कुपवाड_लेथवाला
गुरुवारी ये. डाव्याचे दोन्ही तुकडे आण, स्प्लाईन मोजायला लागतील. नवीन शाफ्टवर आख्ख्या लांबीची पांढरी सरळ रेघ मारून देतो. दर शर्यतीनंतर काढून बघायचं, रेघ वाकडी दिसली की शाफ्ट पिळला. मग तो घालायचा नाही, कितीही चांगला दिसला तरी.