आठवी-नववीच्या लेकरांना वाचायला काय द्यायचं

ह्या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय की भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचून संपला की मराठीत टीनेजर्ससाठी काही उरतच नाही, मग पोरं डायरेक्ट इंग्रजीकडे नाहीतर मोबाईलकडे. अर्धं पटतं. त्या वयासाठी म्हणून लिहिलेलं कमीय हे खरं, पण मोठ्यांसाठी लिहिलेल्या कथा त्यांना चालत नाहीत असं कुठंय? आमच्याकडं सेलूजवळच्या गावात उन्हाळ्यात नववीच्या पोरांना भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' ही कथा मोठ्यानं वाचून दाखवली. बाजारात टमाट्याला भावच मिळत नाही म्हणून बाप चिडून टमाटे पायानं तुडवतो, तिथं आलो तर सगळी चिडीचूप, आणि मग कधी तोंड न उघडणारं एक पोरगं आडत्याची, म्हणजे बाजारातल्या दलालाची, हिशोबाची पट्टी कशी असते, हमाली-तोलाई कापून बापाच्या हातात काय येतं ते सांगत बसलं ना, थांबेचना. दुसऱ्या दिवशी तेच 'अजून असलं काय आहे का' विचारत आलं. त्याला मी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' कादंबरी दिली, छोटी आहे आणि मास्तरही तसा कोवळाच पोरगा आहे त्यात.

लहान्यांसाठी आणखी एक, इथं कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो, बालभारतीचं 'किशोर' मासिक, १९७१ पासूनचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात. तालुक्याला पुस्तकाचं धड दुकान नसतं, तिथं ह्याचा लई आधार होतो, निदान दिवाळी अंक तरी डाउनलोड करून ठेवाच.