मदत हवी आहे: सायकल ग्रुपच्या बैठकीला वक्ते कसे बोलावता?

नमस्कार मंडळी. नाशिकला गंगापूर रोडवर आमचा चाळीसेक जणांचा सायकल ग्रुप आहे. दर रविवारी पहाटे सोमेश्वर, गंगापूर धरण अशी राईड होते आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती झाली की सोसायटीच्या हॉलमध्ये पाहुण्यांसोबत गप्पा.

गेल्या वेळी एक मेकॅनिक काका आले होते. त्यांनी एकाच खिळ्याला दोन चेन टांगल्या, नवी आणि घासलेली. कड्या सारख्याच, तरी जुनी बोटभर खाली लटकत होती! पण पावणेनऊला पोह्यांचा वास आला आणि एकेक जण उठू लागला. काका संपवेपर्यंत समोर अकराच माणसं उरली. मला फार वाईट वाटलं.

तुमच्याकडे बोलणं आधी ठेवता की नाश्ता? की संध्याकाळच बरी? आणि मानधनाचं काय करता? नुसता नारळ-शाल देणं मला पटत नाही.

वक्तेही सुचवा. २०१५ साली अमेरिकेतली रॅम (अमेरिका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पार करायची सायकल शर्यत) पूर्ण करणारे डॉ. महाजन बंधू आपल्याच नाशिकचे, त्यांच्यामुळे अनेकांना हुरूप आला. पण नवखे विचारतात ते वेगळंच: गुडघा का दुखतो, साडेतेरा तासांत २०० किलोमीटरची बीआरएम (ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड) कशी जमवायची, सातपूर एमआयडीसीत रोज सायकलने कामावर कसं जायचं. अशी रोजची सायकल चालवणारी, विशेषतः महिला, कुणी ओळखीत असेल तर नक्की कळवा. पुढची बैठक तोंडावर आली आहे.