थिअरी वर्गात उपयोगी पडते, पण...
'वर्गावर गेलं की विद्यापीठातली थिअरी काही कामाची नाही' हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. गोंधळ घालणारा वर्ग शांत कसा करायचा हे व्याख्यानातून कळत नाही, मान्य. पण प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबतात आणि ३ सेकंद थांबलं तर उत्तरं मोठी, विचारपूर्वक येतात, हे अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात दाखवलं. शिक्षक-प्रशिक्षणातल्या सराव पाठात मी ते करून पाहिलं. मागे मार्गदर्शक वही घेऊन बसलेले असताना ती शांतता अंगावर येते हो! पण एरवी गप्प बसणारी मुलंही हात वर करतात. मला जास्त खटकतं ते पाठानंतरची मार्गदर्शकांबरोबरची चर्चा घाईघाईत उरकणं. कोणता प्रश्न फसला, हे त्याच दिवशी कळायला हवं.