सहा तुकड्यांचा रॉड बघा
ट्रेकवर ट्राउट मासे धरायला फ्लाय-फिशिंगचा नऊ फुटी, चार तुकड्यांचा, पाच वेटचाच (वेट म्हणजे रॉड किती जड लाइनसाठी, म्हणजे दोऱ्यासाठी, आहे तो आकडा) रॉड घ्या असा सल्ला दिला जातो. पाच वेटचं पटलं, वारा असला की तोच बरा, पण चार तुकडे म्हणजे मोडूनही सव्वादोन फुटांच्या वर, मग रॉडची ट्यूब सॅकबाहेर बांधा आणि हिमाचलातल्या तीर्थन नदीच्या वरच्या अंगाला प्रत्येक फांदीत ती अडकवत चाला, वैताग नुसता. सहा तुकड्यांचा दीड फुटाच्या जरा वर जातो, सॅकमध्ये कपड्यांत गुंडाळून आरामात बसतो. फक्त जोड जास्त, ते अधूनमधून चाचपून घट्ट करायचे, नाहीतर कास्ट करताना, म्हणजे लाइन फेकताना, रॉडचं टोकच पाण्यात.

तेनकारा हा जपानी पद्धतीचा रॉड हलका खरा, पण त्याला रील, म्हणजे लाइन गुंडाळायची चकरीच नाही, मोठा ब्राउन ट्राउट प्रवाहाबरोबर खाली सुटला की लाइन सोडणार कुठून? आणि हो, हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटला बंदी असते, एरवीही मत्स्य विभागाचं परमिट लागतंच.