फ्रान्समधल्या खेड्यात, फक्त मोठ्या माणसांच्या कॅम्पवर राहायला जावं का?

सेलूची_माई (जि. वर्धा)

नमस्कार मंडळी. पुतण्या फ्रान्सला, बोर्दोत नोकरीला आहे. तो म्हणतो, काका-काकू, यंदा इकडं या, दोर्दोन्य भागात खेड्यातल्या तंबूंच्या कॅम्पवर राहू. त्यानं पाहिलेल्या जागी अठरा वर्षांखालच्यांना घेतच नाहीत. हे ऐकून यांना धास्ती की तिथं लोक उघडे-नागडे तर हिंडत नसतील ना. मला मात्र फार जावंसं वाटते. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून पाहुणे, सालदार, लेकरं, आता नातवंडं. दोघांनी निवांत बसून चहा घ्यावा अशी सकाळ काही मिळाली नाही. पण पऱ्हाटी-तूर सोडून जायचं कोणत्या महिन्यात? संडास-न्हाणीचं कसं असते? आणि मी साडीच नेसते. जाऊन आलेल्यांनी खरं ते सांगा.

पुसदची_ताई

माई, जाच तुम्ही. लेक लिमोजला शिकत होती तेव्हा आम्ही तिच्यासोबत अशाच जागी राहिलो. भाऊजींना सांगा, बिनकपड्यांचे कॅम्प तिकडं वेगळे असतात आणि तसं आधीच स्पष्ट लिहिलेलं असतं. तुमच्या पुतण्याच्या जागी फक्त लहान मुलं नसतात, बाकी सारं साधंच. आमच्या शेजारच्या तंबूत निवृत्त जोडपं होतं, दिवसभर पुस्तक वाचायचं आणि संध्याकाळी हात हलवून बोलायचं.

महिन्याचा विचार नीट करा. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडच्या शाळांना सुट्ट्या असतात, भाडं चढतं. तेव्हाच तर साधे कॅम्प लेकरांनी भरतात आणि अशा जागेचा खरा उपयोग होतो. पण तेव्हा आपलं निंदण, डवरणी, फवारणी. म्हणून मी म्हणेन, मेचा दुसरा पंधरवडा. आपल्याकडं पारा ४५ वर आणि वावर रिकामं. तिकडं दिवसा छान ऊन, रात्री स्वेटर, साडेनऊपर्यंत उजेड. मृगाच्या आत घरी. १ मे आणि ८ मे तिकडं सुट्टीचे दिवस, ते टाळा. सप्टेंबरही बरा असतो, पण सोयाबीन कापणीला आलं की जीव तिकडं लागत नाही.

न्हाणी-संडास बहुतेक सामाईक, गरम पाणी चोवीस तास, आणि स्वच्छता अशी की मन प्रसन्न होतं. संडासात पाणी नसतं, कागद असतो, म्हणून प्लास्टिकचा मग नक्की न्या. रात्री उठावं लागत असेल तर आतच संडास असलेलं लाकडी घर किंवा मोबाइल होम (चाकांवरचं तयार घर) मागा. साडीला कोणी काही म्हणत नाही, पण सकाळी गवत दवानं चिंब असतं, म्हणून मोजे-बूट घाला. पोहण्याच्या टाक्यावर मात्र ढिल्या चड्डीलासुद्धा बहुधा परवानगी नसते, अंगाला चिकटलेला पोशाख लागतो.

वीज ६ किंवा १० अँपिअर मिळते. ६ म्हणजे जेमतेम १,३८० वॅट. विजेची शेगडी आणि केटली एकदम लावली की बत्ती गुल! उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीनं चूल पेटवू देत नाहीत, गॅसची शेगडी तिथंच घ्या. रविवारी दुपारनंतर खेड्यातली दुकानं बंद, सोमवारीही पुष्कळशी बंद, म्हणून शनिवारीच बाजार करा.

आणि भाऊजींना बैलांचा नाद असेल तर दोर्दोन्यमधल्याच माँतिन्याक गावी न्याच. तिथल्या लास्को गुहेत सुमारे १७,००० वर्षांपूर्वी माणसानं बैल रंगवलेत, एक तर पाच मीटरहून लांब! मूळ गुहा १९६३ पासून लोकांना बंद आहे, पण २०१६ साली उघडलेली हुबेहूब प्रतिकृती जवळच आहे. आमचे हे तिथून हलायला तयार नव्हते.

दर्यापूरचा_भाऊ

माई, सामानाचं मी सांगतो. तूप, पेढे, खवा, कायचंही दुधाचं नेऊ नोका, युरोपात दुधाचं न् मटनाचं बाहेरून नेऊ देत नाहीत. आपली संत्री, लिंबं बी बिना सर्टिफिकेटची चालत नाहीत. केळं, नारळ, खजूर चालते. जवारीचं पीठ, तिखट, जवसाची चटनी, कुरड्या खुशाल न्या. तिकडं ज्वारीचं पीठ खेड्यात भेटत नाही, म्हनून थैली मोठी भरा.

पांढरं_सोनं

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या पंधरा दिवसांवर ठेवू नका. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. कॅम्पच्या बुकिंगचा कागद राहण्याचा पुरावा म्हणून चालतो. पुतण्याच्या घरी राहणार असाल तर त्याला तिथल्या नगरपालिकेतून निमंत्रणाचा दाखला काढावा लागेल. निदान ३०,००० युरोचा आरोग्य विमा लागतो. बँकेचा हिशेब आणि सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर जोडा.

सेलूची_माई

ताई, तुमचं सगळं यांना वाचून दाखवलं. बैलांचं ऐकून तेच आता मागं लागले आहेत. मे-अखेर ठरवतो. पण सातबारा यांच्या एकट्याच्या नावावर आहे. मग माझ्या अर्जाला काय जोडू?

पांढरं_सोनं

लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र, आणि तुमचा सगळा खर्च आपण करतो असं भाऊजींच्या सहीचं पत्र. तुमच्या नावाचं बँक खातं असेल, बचत गटाचे व्यवहार असतील, तर तेही लावा. दोघांचे अर्ज एकाच दिवशी द्या.