आयोडीनची ॲलर्जी आहे तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनला डोळ्यात बेटाडीन चालतं का?

सातारकर७१:
मंडळी, गुरुवारी आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, वय ७२. चार वर्षांपूर्वी सीटी स्कॅनला आयोडीनवाला डाय (शिरेतून देतात ते औषध) दिला तेव्हा तिच्या अंगावर गांधी उठल्या होत्या, तेव्हापासून फाईलवर लाल पेनाने 'आयोडीन ॲलर्जी' लिहिलंय. काल कळलं की टेबलवर घेतल्यावर डोळ्यात बेटाडीन टाकतात, आणि त्यातही आयोडीनच. आई म्हणते जखमेवर लावायचं औषध डोळ्यात कशाला, नको म्हणून सांग. सांगू का? शेजारच्या काकूंनी पापण्या कापतात असंही सांगून ठेवलंय ते वेगळंच.

ओटीवाली_ताई:
अहो नको म्हणू नका!! डोळ्यात घालायचं ५ टक्क्यांचं असतं, बाहेर पापण्या, भुवया, गालाला १० टक्क्यांचं लावतो. साबणाचा फेस येणारं स्क्रब वेगळं, ते डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा होते, ते आम्ही जवळही ठेवत नाही. आधी सुन्न करायचे थेंब, मग बेटाडीन, आणि किमान ३ मिनिटं थांबायचं. नवीन पोरं इथेच घाई करतात आणि माझं ओरडणं खातात. सुन्न करायची जेली वापरणार असतील तर बेटाडीन जेलीच्या आधी, नाहीतर जेलीचा थर बसतो आणि औषध खाली पोचतच नाही. पापण्या आमच्याकडे कापत नाहीत, डोळ्याभोवती लावायच्या चिकट प्लास्टिकच्या पडद्याखाली (ड्रेप) दुमडून बाजूला ठेवतो.

नेत्रपीजी:
ताईंशी सहमत. डायची रिॲक्शन म्हणजे आयोडीनची ॲलर्जी नव्हे, आयोडीन तर थायरॉईडलाही लागतं आणि रोजच्या मिठातही असतं. मासे सोसत नाहीत म्हणून बेटाडीन टाळतात तोही तसाच गैरसमज. पण खुद्द बेटाडीन लावल्यावर त्वचा लाल होऊन फोड आले असतील तर डॉक्टरांना नक्की सांगा, मग पाण्यातलं सौम्य क्लोरहेक्सिडीन वापरता येतं (स्पिरिटवालं अजिबात नाही). ऑपरेशननंतर डोळ्याच्या आत इन्फेक्शन होतं त्याचे जंतू बहुतेकदा पेशंटच्याच पापण्यांवरचे असतात. १९९१ साली न्यूयॉर्कचा अभ्यास आला होता, काही ऑपरेशन थिएटरांत बेटाडीन आणि बाकीच्यांत चांदीचं जुनं औषध, तर इन्फेक्शन दहा हजारांत ६ विरुद्ध २४. आधीच्या अँटीबायोटिक थेंबांवर विसंबून बेटाडीन टाळू नका.

कोल्हापुरी_बाणा:
आमच्या बाबांच्या पापण्यांना कोंडा होता आणि डोळ्यातून सारखं पाणी यायचं, तर डॉक्टरांनी नाकाकडे जाणाऱ्या नळीत पाणी सोडून बघितलं, पू निघाला, ऑपरेशन पुढे ढकललं. आम्ही चिडलो होतो तेव्हा, पण आतलं इन्फेक्शन झालं असतं तर डोळाच गेला असता. बेटाडीन थोडं झोंबलं, दुसऱ्या दिवशी खुपल्यासारखं होत होतं एवढंच. मात्र घरी आल्यावर दुखणं वाढलं, लाली वाढली किंवा दिसायचं कमी झालं तर उद्या बघू म्हणू नका, त्याच दिवशी पळा.

सातारकर७१:
आईला विचारलं, मागच्या वर्षी गुडघा खरचटला तेव्हा आठवडाभर बेटाडीनच लावलं होतं, काही झालं नाही. डॉक्टरांना फोन करून हे सगळं सांगितलं, ते म्हणाले बेटाडीनच वापरू. आईचं म्हणणं, गुडघा वेगळा आणि डोळा वेगळा, पण आदल्या दिवशी न्हायला पाणी तापव म्हणाली, म्हणजे तयार आहे.